मानेतलं कलम : हाडाला पर्याय शोधणाऱ्यांची गोष्ट



माझ्या हातात ही जी वस्तू आहे ती मागच्या रांगेत बसलेल्यांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. ही साधारण चिंचोक्याएवढी आहे, चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी. वरून-खालून दातेरी, आणि मधे आरपार भोक. हिला सर्जन लोक ‘केज’ म्हणतात, म्हणजे पिंजरा. मानेच्या दोन मणक्यांमधली खराब झालेली गादी काढून टाकली की त्या जागी ही बसवतात. आजची आपली गोष्ट या वस्तूची आहेच, पण त्याहून जास्त ती मधल्या भोकाची आहे. कारण या भोकात काय भरायचं, या प्रश्नावर सर्जन मंडळी शंभराहून जास्त वर्षं झगडताहेत.

आधी दोन मिनिटं शरीररचना. मानेत सात मणके. पहिले दोन सोडले तर दर दोन मणक्यांमध्ये एक गादी. मणक्यांच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि बाजूच्या फटींतून हातांकडे जाणाऱ्या नसा निघतात. गादी झिजली, मागे सरकली, किंवा मणक्याच्या कडेला हाडाचे काटे वाढले की नस दबते. मग हाताला मुंग्या, बोटं बधिर, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मज्जारज्जूच दबला तर चाल बिघडते. बहुतेकांना औषध आणि व्यायाम पुरतात. ज्यांना पुरत नाहीत, त्यांच्यासाठी दबाव काढायचा आणि ते दोन मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे, हे ऑपरेशन. जोडायचे म्हणजे स्क्रूने आवळायचे नव्हे. दोन हाडांचं एक हाड करायचं.

सुरुवात क्षयापासून

मणके जोडायची कल्पना मानदुखीतून आली नाही. ती आली क्षयातून. पर्सिव्हल पॉट या लंडनच्या सर्जनने १७७९ मध्ये मणक्याच्या एका आजाराचं वर्णन केलं. पाठीला कुबड येतं आणि पाय लुळे पडतात. तो मणक्याचा टीबी होता, हे पुढे कळलं. जंतूंनी पोखरलेला मणका खचतो आणि वरचा भाग पुढे वाकतो. औषध नव्हतं. मुलांना महिनोन्महिने प्लास्टरमध्ये निजवून ठेवायचे.

टेक्सासमधल्या बर्थोल्ड हाड्रा यांनी १८९१ मध्ये मानेचं हाड मोडलेल्या एका रुग्णाचे मणके मागच्या बाजूने तारेने बांधले. धातूने मणके धरून ठेवण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. पण तार म्हणजे तार. हाड रोज हलतं, तार रोज ताणली जाते, आणि एक दिवस तुटते.

मग १९११ साल उजाडलं. न्यूयॉर्क शहरात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दोन सर्जननी एकाच वर्षी उत्तर मांडलं. रसेल हिब्स यांनी मणक्याच्या मागच्या भागातलंच हाड सोलून, त्याचे तुकडे एका मणक्यावरून दुसऱ्यावर टेकवले, म्हणजे ते एकमेकांत मिसळतील. फ्रेड अल्बी यांनी रुग्णाच्या नडगीतून हाडाची पट्टी काढली, मणक्यांची मागची टोकं मधोमध चिरली आणि त्या खाचेत ती पट्टी बसवली.

हे अल्बी मूळचे मेन राज्यातले, शेतकरी घरातले. झाडांची कलमं करायला ते आजोबांकडून शिकले होते असं त्यांच्या चरित्रात सांगतात. इंग्रजीत ज्याला ग्राफ्ट म्हणतात त्याला आपला शब्द ‘कलम’. खोड चिरायचं, खाचेत फांदी बसवायची, बांधून ठेवायचं आणि वाट बघायची. अल्बींचं ऑपरेशन अगदी असंच दिसतं.

पण एक फरक आहे आणि तो आज शेवटपर्यंत लक्षात ठेवा. आंब्याचं कलम जगतं आणि फांदी स्वतः वाढते. हाडाचं कलम बहुतांशी मरतं. त्याच्यातल्या पेशी रक्तपुरवठा तुटल्यावर टिकत नाहीत. मग शेजारच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या त्यात शिरतात, मेलेलं हाड हळूहळू खाल्लं जातं आणि त्या जागी नवं हाड रचलं जातं. अमेरिकेतल्या फेमिस्टर यांनी १९१४ मध्ये याला ‘सरपटत होणारी अदलाबदल’ अशा अर्थाचं नाव दिलं. म्हणजे कलम हा इमारतीचा खांब नाही, ती बांधकामाची परांची आहे. काम झालं की परांची नाहीशी होते. आणि परांचीच असेल, तर ती माणसाच्याच हाडाची कशाला हवी, हा पुढचा सगळा इतिहास घडवणारा प्रश्न इथेच दडलेला आहे.

पुढून जाण्याचा रस्ता

मानेपर्यंत यायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. गादी पुढे असते, मज्जारज्जू तिच्या मागे. पाठीमागून गेलात तर मज्जारज्जू वाटेत येतो. पुढून जायचं तर वाटेत श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूला रक्त नेणारी धमनी. पण निसर्गाने तिथे एक फट ठेवली आहे. श्वासनलिका-अन्ननलिका एका बाजूला सारली आणि धमनी दुसऱ्या बाजूला, तर फारसं काही न कापता बोट थेट मणक्यावर टेकतं.

या वाटेने जाऊन, गादी काढून, तिथे हाड बसवण्याची पद्धत जॉन्स हॉपकिन्सच्या रॉबर्ट रॉबिन्सन आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९५५ मध्ये मांडली. १९५८ मध्ये त्यांनी १४ रुग्णांची सविस्तर हकिकत छापली. हाड घेतलं कंबरेतून. आपण करगोटा बांधतो तिथे हाताला जी कड लागते ना, त्या कडेचा घोड्याच्या नालासारखा तुकडा. त्याच १९५८ साली होनोलुलूच्या राल्फ क्लॉवर्ड यांनी आपली पद्धत छापली. दोन मणक्यांच्या मधोमध गोल भोक पाडायचं, काटे काढायचे आणि बाटलीला बूच मारावं तसा हाडाचा गोल तुकडा ठोकून बसवायचा.

क्लॉवर्ड म्हणजे विलक्षण गृहस्थ. १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा हवाईत मेंदूची ऑपरेशनं करणारे तेच होते, आणि पुढचे चार दिवस ते डोक्याला जखमा झालेल्यांची ऑपरेशनं करत राहिले. हत्यारं ते स्वतः तयार करवून घेत. आणि एक गोष्ट त्यांना फार लवकर कळली होती. रुग्णाच्या कंबरेतून हाड काढण्यापेक्षा मृत व्यक्तीचं साठवलेलं हाड वापरावं. त्यासाठी त्यांनी हाडांचा साठाच ठेवला होता.

मान बरी, कंबर दुखते

का बरं? मी निवासी डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. एक एसटीचे ड्रायव्हर होते. मानेचं ऑपरेशन उत्तम झालं. हाताच्या मुंग्या गेल्या. सहा महिन्यांनी तपासायला आले ते कंबरेवर हात ठेवूनच. म्हणाले, “साहेब, मानेचं देणं फिटलं, पण कमरेचं कर्ज डोक्यावर बसलं की हो. पट्टा बांधला की कळ येते.” आम्ही हसलो. आज मला त्या हसण्याची लाज वाटते. कारण आमच्या कागदावर ‘ऑपरेशन यशस्वी’ असं लिहिलेलं होतं आणि कंबरेसाठी कागदावर रकानाच नव्हता.

तो रकाना पुढे काही जणांनी भरला. १९८९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, हाड काढलेल्या २४३ जागा तपासल्या तेव्हा ८.६ टक्के ठिकाणी मोठी गुंतागुंत आणि २०.६ टक्के ठिकाणी किरकोळ त्रास आढळला. २००३ मध्ये खास मानेच्या रुग्णांचा अभ्यास आला. साधारण चार वर्षं उलटल्यावरही दर चार रुग्णांमागे एकाची कंबर दुखतच होती. आमचे ड्रायव्हर त्या चारांतले एक.

मग पर्याय कोणते? मी चार वाटा सांगतो. पहिली, दुसऱ्या माणसाचं हाड. दुसरी, धातू. तिसरी, दगड आणि पोवळं. चौथी, रसायन.

दुसऱ्याचं हाड

१९४२ मध्ये हवानाच्या इंक्लान यांनी थंडीत साठवलेल्या हाडाचा वापर प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये अमेरिकन नौदलाने बेथेस्डा इथे ऊतिपेढी काढली. मेलेलं हाड परांची म्हणून चालतं, हे आपण पाहिलंच. मानेत तर ते चांगलंच चालतं, कारण दोन मणक्यांच्या मधे ते दाबलेलं राहतं आणि दाबाखाली हाड रुजतं.

पण दुसऱ्याच्या हाडाबरोबर दुसऱ्याचा आजारही येऊ शकतो. १९८८ मध्ये अमेरिकेतून बातमी आली की पाठीचे मणके जोडण्यासाठी वापरलेल्या हाडातून एका रुग्णाला एचआयव्हीची लागण झाली. एचआयव्हीची तपासणी १९८५ च्या आधी उपलब्धच नव्हती.

त्याच १९८८ साली मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये ऊतिपेढी सुरू झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या कार्यक्रमातून ती उभी राहिली. दान मिळालेली हाडं आणि गर्भवेष्टनाचं पातळ आवरण स्वच्छ करून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचं. परळच्या कॅन्सर हॉस्पिटलचा आणि अणुविज्ञानाचा हा मेळ पुष्कळांना ठाऊक नसतो, म्हणून मुद्दाम सांगितला. किरणांनी हाडाची ताकद थोडी कमी होते, पण जंतू मरतात. हा सौदा ध्यानात ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

घोड्याची मान आणि पोलादी टोपली

आता दुसरी वाट, धातू. आणि इथे गोष्ट तबेल्यात शिरते.

जातिवंत शर्यतीच्या घोड्यांना एक आजार होतो. मानेत मज्जारज्जू दबतो आणि घोडा दारू प्यायल्यासारखा डुलत चालतो. १९७० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या पशुवैद्यांनी क्लॉवर्डची पद्धत घोड्यांवर करून पाहिली. पण त्यासाठी हाड काढायचं म्हणजे एवढ्या मोठ्या जनावराला आणखी एक जखम. स्पोकेन शहरातले जॉर्ज बॅगबी हे माणसांचे हाडांचे सर्जन. त्यांनी सुचवलं, हाडाचा गोल तुकडा कशाला, पोलादाचं जाळीदार नळकांडं ठोका. भोक पाडताना निघणारा हाडाचा चुरा आत-बाहेर भरला जाईल, जाळीतून हाड वाढेल आणि मणके जुळतील. या नळकांड्याला ‘बॅगबीची टोपली’ असं नाव पडलं.

सिॲटल स्ल्यू हे नाव शर्यतींच्या शौकिनांना माहीत असेल. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती त्याने जिंकल्या होत्या. म्हातारपणी त्याला हाच आजार जडला. २००० साली आणि पुन्हा २००२ मध्ये त्याच्या मानेवर मणके जोडण्याचं ऑपरेशन झालं.

ही टोपली मग घोड्यांकडून माणसांकडे आली. १९९६ मध्ये कंबरेच्या मणक्यांसाठी तिच्या वंशातल्या केजला अमेरिकेत मान्यता मिळाली, नंतर मानेसाठीही. पोलाद जाऊन टायटॅनियम आलं. टायटॅनियमशी हाड घट्ट जुळतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दातांच्या कामात आधीच दाखवलं होतं. मग पीक नावाचं प्लास्टिक आलं. ते हाडासारखं थोडं लवचिक, आणि एक्स-रेमध्ये आड येत नाही. पण त्याला हाड तितकंसं चिकटत नाही.

केजच्या जोडीला पुढून लावायची पट्टी. बार्सिलोनाच्या ओरोस्को यांनी १९७० च्या सुमारास मानेच्या मोडलेल्या हाडांसाठी पुढून पट्टी वापरली. १९८० च्या दशकात जर्मनीचे कास्पर यांनी ती सुधारली. त्यांच्या पट्टीचे स्क्रू मणक्याच्या मागच्या भिंतीपर्यंत न्यावे लागत, आणि त्या भिंतीमागे मज्जारज्जू. सर्जनचा हात तिथे थरथरला तर काय, विचार करा. पुढे पट्टीतच अडकून बसणारे स्क्रू आले आणि ती भीती गेली.

पण धातूचं एक कायम लक्षात ठेवायला हवं. धातू जोडत नाही. धातू धरून ठेवतो. हाड जुळलं नाही तर आज ना उद्या स्क्रू सैल होतो, नाहीतर पट्टी मोडते, हाड्रांच्या तारेसारखीच. धातू फक्त वेळ मिळवून देतो, जोडायचं काम हाडालाच करावं लागतं. म्हणून माझ्या हातातल्या या पिंजऱ्याला मधे भोक आहे.

प्लास्टर, पोवळं आणि आम्ल

भोकात भरायला लोकांनी काय काय शोधलं! १८९२ मध्ये जर्मनीत ड्रेसमन यांनी हाडातल्या पोकळ्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं. प्लास्टर शरीरात विरघळून जातं, पण कधीकधी हाड यायच्या आधीच. मग लोकांचं लक्ष पोवळ्याकडे गेलं. काही पोवळ्यांची छिद्रं मऊ हाडाच्या छिद्रांसारखीच असतात. १९७४ मध्ये रॉय आणि लिनहान यांनी दाखवलं की गरम पाणी आणि दाब वापरून पोवळ्याचा चुना हाडातल्या खनिजात बदलता येतो, आणि छिद्रं तशीच राहतात. समुद्राने बांधलेली परांची! पण ती ठिसूळ. आणि ती हाडाला रस्ता देते, हाड निर्माण करत नाही.

हाड निर्माण करतं कोण? हा प्रश्न लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी घेतला. त्यांनी हाड आम्लात ठेवून त्यातलं खनिज काढून टाकलं. उरला रबरासारखा सांगाडा. तो त्यांनी प्राण्याच्या स्नायूत ठेवला. जिथे हाडाचं काहीही काम नाही तिथे. काही आठवड्यांनी त्या स्नायूत हाड तयार झालं होतं. म्हणजे हाडात असं काहीतरी आहे जे शेजारच्या पेशींना ‘हाड बना’ असा हुकूम देतं. हे १९६५ साली छापून आलं. आपल्याकडे वाराणसीला डॉ. तुली आणि त्यांचे सहकारी यांनी याच खनिज काढलेल्या हाडावर प्रायोगिक अभ्यास करून १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. हेच तुली मणक्याच्या टीबीतल्या ‘मध्यममार्गा’साठी जगभर ओळखले जातात. आधी औषधं, आणि गरज असेल तरच शस्त्र.

१९८८ मध्ये तो हुकूम देणाऱ्या प्रथिनांची जनुकं सापडली. आता ते प्रथिन कारखान्यात हवं तेवढं बनवता येणार होतं. २००२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण कंबरेच्या मणक्यांसाठी. मानेसाठी नाही.

शून्य दुष्परिणाम

आता जरा सावकाश ऐका.

कंबरेसाठी मान्य झालेलं औषध सर्जननी मानेत वापरायला सुरुवात केली. हेतू वाईट नव्हता. रुग्णाच्या कंबरेतून हाड काढायला नको, हाच. पण हे प्रथिन हाडाला बोलावतं तसं सुजेलाही बोलावतं. कंबरेत थोडी सूज आली तर निभावतं. मानेत मणक्याच्या पुढ्यातच श्वासनलिका आहे. आणि सूज लगेच येत नाही. १ जुलै २००८ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. चार वर्षांत अशा किमान ३८ घटना कळल्या होत्या. बहुतेक ऑपरेशननंतर २ ते १४ दिवसांच्या आत, म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर. गिळता येईना, बोलता येईना, काहींना श्वासासाठी नळी घालावी लागली.

मग एका शास्त्रीय नियतकालिकाने २०११ मध्ये जुने अभ्यास उलगडून पाहिले. कंपनीच्या पैशाने झालेले १३ अभ्यास, ७८० रुग्ण, आणि त्या प्रथिनामुळे झालेले दुष्परिणाम म्हणून नोंदवलेला आकडा : शून्य. मंडळी, वैद्यकात शून्य हा आकडा दिसला की दचकायला हवं. माझ्या निवासी काळातल्या कागदावरही कंबरेचा त्रास शून्यच होता.

२०१२ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीने सांगितलं की मेडट्रॉनिक कंपनीने हे अभ्यास लिहिणाऱ्या डॉक्टरांना पंधरा वर्षांच्या आसपासच्या काळात सुमारे २१ कोटी डॉलर दिले होते. हे पैसे गैरमार्गाने दिले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. आणि न्याय म्हणून हेही सांगायला हवं, की टीकेनंतर कंपनीने रुग्णांची सगळी माहिती येल विद्यापीठाच्या स्वाधीन केली. दोन स्वतंत्र गटांनी ती तपासली. २०१३ मध्ये निष्कर्ष आला. मणके जोडण्यात हे प्रथिन कंबरेच्या हाडापेक्षा सरस नाही, आणि मानेत पुढून वापरलं तर गिळण्याचा त्रास आणि जखमेची गुंतागुंत वाढते.

वर्तुळ पूर्ण

शेवटची गोष्ट. मेलेलं हाड फक्त परांची, मग जिवंत पेशी असलेलंच हाड का देऊ नये, असं काहींच्या मनात आलं. दात्याच्या हाडातल्या पेशी जिवंत ठेवून त्याचा लगदा बाटलीत भरून विकला जाऊ लागला. पण पेशी जिवंत ठेवायच्या तर गॅमा किरण देता येत नाहीत. परळचा तो सौदा आठवा. २०२१ मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या हाडापासून बनवलेला असा माल ११३ रुग्णांना वापरला गेला. बहुतेक मणक्यांची ऑपरेशनं. आणि त्या दात्याच्या हाडात टीबीचे जंतू होते. अनेकांना टीबी झाला, काही दगावले. २०२३ मध्ये असाच प्रकार पुन्हा घडला.

मणके जोडायला आपण १९११ साली सुरुवात केली ती टीबीने खचलेला मणका सावरायला. एकशे दहा वर्षांनी, मणका जोडतानाच आपण टीबी आत घातला.

म्हणून हे सगळं फसलं का? मुळीच नाही. आज मानेचं हे ऑपरेशन फार चांगलं चालतं. साध्या एका पातळीच्या ऑपरेशनला पिंजऱ्यात काटे काढताना निघालेला रुग्णाचाच हाडाचा चुरा किंवा पेढीतलं तपासलेलं हाड बहुतेक वेळा पुरतं. कंबर उघडावी लागत नाही. काहींना तर मणके न जोडता हलणारी कृत्रिम गादी बसवता येते.

मला एवढंच सांगायचं आहे. उद्या तुमच्या घरात कुणाला हे ऑपरेशन सुचवलं, तर “किती खर्च येईल” हे जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, “डॉक्टर, त्या पिंजऱ्याच्या भोकात काय भरणार?” माझं हाड, दुसऱ्याचं, खनिज की रसायन? दुसऱ्याचं असेल तर ते कुठून आलं, कसं निर्जंतुक केलं? मानेसाठी त्याला मान्यता आहे का? चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. उलट खुर्ची पुढे ओढून बसतो.

आणि डॉक्टर मंडळी इथे बसली आहेत त्यांना एक विनंती. तुमच्या कागदावर कंबरेसाठी रकाना ठेवा.